कंट्रोल आधी, मग झेड

मी कीबोर्ड बोलतोय. कारखान्यातला जन्म सांगण्यासारखा नाही. माझं आयुष्य गेलं ते खिडकीजवळच्या या टेबलावर. माझी मालकीण पुस्तकांची भाषांतरं करते. ती दुपारी कॉलेजात शिकवायला गेली की तिचे बाबा माझ्यापाशी बसत. उभी हयात त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरू लागले तसं दुकान बंद झालं, आणि हाताखालून गेलेल्या घड्याळांच्या आठवणी ते एका बोटानं टाइप करू लागले.

माझ्याशी त्यांचं जमायचं, माउसशी नाही. एकदा तो घसरला, मालकिणीचं अख्खं प्रकरण निवडलं गेलं, वर माझी एक कळ लागली आणि मजकूर गडप.

ती संध्याकाळी भडकलीच. "बाबा, तुम्हाला नाही जमायचं हे. परत हात लावू नका."

त्यांनी चष्मा पुसला आणि उठले. पुन्हा माझ्याकडे फिरकले नाहीत. तिनं प्रकरण नव्यानं लिहिलं आणि ते बोलणं विसरूनही गेली.

पुढे जिन्यात पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टरमधल्या हातानं माउस धरवेना, म्हणून ती डाव्या हातानं मलाच चाचपू लागली. कंट्रोल आणि एसनं मजकूर जतन होतो, कंट्रोल आणि झेडनं चूक मागे घेता येते, हे तिला तेव्हा कळलं. पण एका हातानं दोन कळा धरताना तारांबळ उडायची. वैतागून तिनं शिफ्ट लागोपाठ बडवली, तर पडद्यावर विचारणा झाली: कळा एकामागून एक दाबायच्या आहेत का?

तिनं होकार दिला. कंट्रोल दाबली, सोडली, मग एस. जमलं. ती हसली आणि हसता हसता तिला बाबांचे हात आठवले. ज्यांचे हात साथ देत नाहीत त्यांच्यासाठीच ही सोय होती.

ती बाबांना घेऊन आली. माउस लागतच नाही म्हणाली, एकेक कळ दाखवली.

"अगं, परत काही उडालं तर?"

"कंट्रोल आधी, मग झेड. उडालेलं परत येतं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तेव्हाही आलं असतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. डोळे वर करवेनात तिला.

आता बाबा रोज लिहितात. पण ती खोलीत आली की त्यांचे हात अजून आपोआप माझ्यावरून उचलले जातात. म्हणून हल्ली ती दाराबाहेरच थांबते, त्यांचा परिच्छेद संपेपर्यंत. तिला घाई असली तरी.