बुवांचा घास

माशाला ‘बुवा’ हे नाव आमच्या हिने, म्हणजे मृणालिनीने दिलं. अंगभर निळाई, गळ्याखाली पांढरा पट्टा जणू उपरणंच, पाठीवर पिवळाधमक पर, आणि टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या येरझाऱ्या. “अहो, हा तर तुमच्या कीर्तनातलाच,” ती म्हणाली. “पुढे येतो, गिरकी घेतो, मागे जातो. हातात चिपळ्या तेवढ्या नाहीत.”

गंधाली, आमची मुलगी, त्याला पावडर ब्लू टँग म्हणते. नाहूरच्या आमच्या हॉलची एक अख्खी भिंत तिच्या सहा फुटी टाकीने अडवली आहे. खारं पाणी, खडक, त्यावर डोलणारी प्रवाळं. मरोळच्या ऑफिसातून आली की आधी टाकीपाशी, मग आम्ही. या जातीचे दोन मासे आधी गेले होते. फार नाजूक जात. जरा घाबरला, पाण्यातला प्राणवायू जरा कमी झाला, की अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात आणि आठ दिवसांत खेळ आटोपतो. दुसरा गेला तेव्हा पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्याला दोन महिने बाल्कनीतल्या वेगळ्या टाकीत ठेवून, पारखून, मग मोठ्या टाकीत सोडलं. तेव्हा मला म्हणाली, “बाबा, हा शेवटचा. हाही गेला तर टाकी विकून टाकते. जीव आणून मारायचे कशाला?”

मला बुवांचा लळा लागला तो वेगळ्या कारणाने. मासा असून शाकाहारी! समुद्री शेवाळाची काळपट हिरवी पापडी मिळते, नोरी म्हणतात. तिचा तुकडा चिमट्यात अडकवून काचेला आतून लावायचा, की बुवा दिवसभर कुरतडत बसतात. सारखं थोडं थोडं पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर खंगतात.

अधिक महिन्यात गंधालीला ऑफिसने पाच दिवस कोचीला पाठवलं. जाताना कागद लिहून दिला. सकाळी नोरी, दुपारी नोरी. बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि खाली दोन रेघा मारून: ‘पाण्यात हात घालण्याआधी धुणे. साबण अजिबात नाही!!’

“साबणाने मरतात ते, बाबा. नुसतं पाणी. नीट लक्षात ठेव.”

“अगं, शाळेतल्या पोरासारखं काय सांगतेस?”

“शाळेतलं पोर ऐकतं तरी,” आतून मृणालिनी.

मी अगदी अक्षरशः पाळलं. अधिक महिना म्हणून आमच्याकडे रोज तेहतीस फुलवाती लावायच्या होत्या. त्या तुपात भिजवून तबकात मांडायचं काम माझं. दिवे लावले, आरती केली, देवाला नैवेद्य दाखवला, की लगेच बुवांचा घास, आम्ही त्यानंतर. हा क्रम मीच ठरवला होता आणि मला तो फार आवडायचा. हात नळाखाली धरायचे, साबणाकडे बघायचंसुद्धा नाही, आणि मनगटापर्यंत पाण्यात घालून चिमटा लावायचा. दुपारी पुन्हा तसंच, कारण उद्याच्या वाती मी जेवणाआधी भिजवून ठेवत असे.

चौथ्या दिवशी दुपारी नोरी लावली, पण बुवा आले नाहीत. शोधलं तर वर, पाण्याच्या अगदी काठाशी, पंपाच्या तोंडापुढे उभे. येरझाऱ्या बंद. कल्ले भराभर हलत होते. धाप लागली होती त्यांना. गंधालीला व्हिडिओ कॉल लावला.

“मीटिंगमध्ये आहे, बाबा. काय झालं?”

मी फोन नुसता टाकीकडे वळवला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“खाली कपाट उघड. स्किमरचा कप दाखव.”

स्किमर म्हणजे पाण्याचा फेस करून घाण वर काढणारं यंत्र. एरवी त्याच्या कपात चहासारखं काळं पाणी साठतं. आज कप कोरडा, फेसाचा मागमूस नाही.

“पाण्यात काय घातलंस?”

“काही नाही गं. देवाशपथ.”

“वरून तिरपं बघ. पाण्यावर काही चमकतंय?”

चमकत होतं. वरणावर फोडणी तरंगावी तसं.

“बाबा, हे तेल आहे! तेलकट हात घातलास?”

“हात धुतले होते. साबण नाही लावला. तूच लिहिलंस.”

मागे मृणालिनी येऊन उभी होती. “अहो, तुपाने माखलेले हात नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात होय? चार दिवस तुपाचे हात घालताय त्या पाण्यात?”

माझी मान खाली गेली. “गंधाली, माझंच चुकलं,” मी म्हणालो. “वातींचं तूप होतं हाताला.”

“यार, बाबा…” ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त नाक ओढून म्हणाली, “ओरडायला वेळ नाही. ऐक. तुपाने पाण्यावर झाकण घातलंय, हवा आत जात नाहीये. पंपाचं तोंड वर कर, पाणी उसळलं पाहिजे. खिडक्या उघड. ड्रॉवरमध्ये हवेचा छोटा पंप आहे, तो लाव. आणि टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरायचा, तूप चिकटलं की उचलायचा. वरचं पाणी साफ होईपर्यंत. पण आता हात कशाने धुणार?”

“ते मी बघते,” मृणालिनीने मला मोरीपाशी नेलं आणि हातावर मूठभर डाळीचं पीठ टाकलं. “चोळा. साबण येण्याआधी आमच्या आज्या काय करत होत्या?” कोपरापर्यंत चोळलं, पिठाचा कण राहणार नाही इतकं धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं.

मग आम्ही दोघं स्टुलावर उभे. ती कागद द्यायची, मी पसरायचो, उचलायचो. पहिले पाच-सहा पारदर्शक होऊन वर आले. पंप वर वळवला तसं पाणी उकळी फुटल्यासारखं खदखदू लागलं. बुवा त्या खळबळीत जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी मुलुंडला अस्मिताताईंच्या कीर्तनसप्ताहाचा शेवट होता. सहा दिवस मी त्यांच्यामागे झांज धरली होती. पाच वाजता फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मासा आजारी आहे हे सांगायला आधी लाज वाटली, मग सांगितलं. ताई क्षणभरही हसल्या नाहीत. “काका, तिथेच बसा,” म्हणाल्या. “सहा दिवस पूर्वरंग इथे झाला, आज तुमचा उत्तररंग तिथे आहे.”

मी खुर्ची ओढून बसलो. ‘देवा, चूक माझ्या हाताची आहे, त्याच्या श्वासावर काढू नकोस,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो. सातच्या सुमाराला कल्ल्यांची हालचाल मंदावली. बुवा खाली उतरले, खडकाभोवती एक फेरी मारली. नोरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गंधाली आली. बॅग दारातच सोडून टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “परावर तीन ठिपके आहेत.”

मी टाकीपासून दोन पावलं मागे जाऊन उभा राहिलो. मृणालिनीने तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली, ती तशीच गार झाली.

“बाबा, असं उभं राहू नकोस ना. त्याने खाल्लं तर तो लढेल. आधीचे दोघे खायचेच थांबले होते.”

तिने नोरी लसणाच्या रसात बुडवली. वासाने भूक लागते म्हणे. चिमटा लावला. आम्ही तिघं श्वास रोखून. बुवा आले, लांबूनच वळले, पुन्हा आले. एक टवका तोडला. मग दुसरा. गंधाली माझा दंड घट्ट धरून होती, सोडायचं तिला भानच नव्हतं.

पुढचे दिवस ती सकाळ-संध्याकाळ ठिपके मोजायची. तिनाचे पाच झाले. पाचाचे दोन झाले. सोमवारी एकही दिसेना, आणि त्याच सकाळी बुवांनी खडकापाशी आलेल्या एका पिवळ्या माशाला शेपटीने असं काही हाकललं, की गंधाली पहिल्यांदा खळखळून हसली.

“भांडायला लागला! म्हणजे एकदम झकास.”

“घर विकत घेतल्यासारखा वागतोय मेला,” मृणालिनी म्हणाली, पण कौतुकाने.

“टाकीचं काय करायचं ठरलं?” मी भीतभीतच विचारलं.

“काय करायचं म्हणजे? आहे तिथे आहे.” गंधालीने पर्स खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या आणि दार ओढता ओढता म्हणाली, “दुपारचा घास तू घाल हं, बाबा. मला उशीर होईल.”

मी ‘बरं’ म्हणालो, आणि डाळीच्या पिठाचा डबा काढायला स्वयंपाकघरात गेलो.