पंधरा मिनिटांची चावी

मित्रांनो, पटकन सांगून टाकतो. एकदा चावी दिली की मला साठच मिनिटं मिळतात, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही! मी स्वयंपाकघरातला जुना, चावीचा टायमर. टोमॅटोएवढा, टोमॅटोसारखाच लाल. देठाचा हिरवा रंग तेवढा उडालाय.

ठाण्याला, चेंदणीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एडना आंटींनी मला केकसाठी आणलं. काय दिवस होते! "हा आहे म्हणून माझा केक करपत नाही," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. मग मोबाईल आला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये, बाटल्यांच्या झाकणांबरोबर. सहा वर्षं तिथे पडून होतो. फार राग यायचा हो.

बाहेर काढलं ते प्राप्तीने, आणि आंटींनी मला तिलाच देऊन टाकलं. खालच्या मजल्यावरच्या जयाची ही मुलगी, दहावीतली. एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ! डॉक्टर म्हणाले, तिला एडीएचडी आहे. ती आळशी नाही, मठ्ठ नाही, तिला लक्ष एका जागी धरून ठेवणं जड जातं. पंधरा मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं हुंदडणं, असं करून बघ. मोबाईलवर वेळ लावायला गेली की पोरगी रील्समध्येच अडकायची. माझ्यात टिकटिकीशिवाय दुसरं आहेच काय? आमचं छान जमलं.

परीक्षेत जास्त वेळ मिळावा म्हणून शाळेत एक अर्ज द्यायचा होता. शनिवारी बारापर्यंत. नंतर घेणार नाही, म्हणजे नाहीच. भूमितीचा पेपर प्राप्तीला येत असूनही दरवेळी अर्धा राहायचा, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या अर्जात अडकला होता.

शनिवारी साडेदहाला तिने विचारलं, "मम्मी, सही केलीस ना?"

"पाच मिनिटं गो, आलेच!"

पाच मिनिटं म्हणजे किती, ते मला विचारा! जया पेन शोधायला उठली. वाटेत ओले कपडे दिसले. ते वाळत घालताना गॅलरीतली सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, दिसली. आंटींसाठी थोडी पुडीत बांधून ती वर देऊन आली, तर फोन वाजला. अकरा झाले. अकरा वीस! मी टिकटिकून बेजार. आणि आता अर्जच सापडेना. गादीखाली नाही, फ्रिजमध्येही नाही. हसू नका, या घरात तिथेही बघावं लागतं.

"तुझं लक्ष कुठे असतं गं?" प्राप्ती किंचाळली. जयाचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात आंटी दारात आल्या, हातात पुडी. "जया, अगं ही सुकट कशात बांधलीस? या कागदावर प्राप्तीचा फोटो आहे!"

सुकट परातीत ओतली, कागद झटकला, जयाने उभ्याउभ्याच सही केली आणि तिघी रिक्षात बसल्या. मी प्राप्तीच्या मुठीत. बाराला सात मिनिटं कमी असताना क्लार्कने नाक दाबून अर्ज घेतला. प्राप्तीला जास्त वेळ मिळणार होता! मी आनंदाने भलत्याच वेळी वाजलो, ऑफिसातले सगळे दचकले.

शाळेच्या पायरीवर प्राप्तीने आईचा हात धरला. "सॉरी मम्मी. मला लोक हेच बोलतात, तेच मी तुला बोलले."

"बोल गो. मी लहानपणापासून तेच ऐकत आले. धांदरट, वेंधळी. पुस्तकं हरवते म्हणून मला शाळेतून काढली." जया रडायलाच लागली. मग पदराने तोंड पुसून हळूच म्हणाली, "तुझे ते डॉक्टर मोठ्या बायकांना पण बघतात काय?"

मित्रांनो, बाई छत्तीस वर्षांची. इतकी वर्षं बोलणी खाल्ली आणि हे विचारायचं तिला कुणी सुचवलं नाही. मला वाईट वाटलं. तुमच्या घरात, वर्गात कुणी सारखं विसरत असेल, चुळबुळत असेल, तर ओरडू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. नुसतं बसलात तरी त्याचं काम पुढे सरकतं, हे मी रोज बघतो.

सोमवारी एडना आंटी खाली आल्या, जयाच्या शेजारी बसल्या, आणि जयाने दवाखान्यात फोन लावला.

"पेशंटचं नाव?" पलीकडून विचारलं.

ती प्राप्तीचं नाव सांगणार होती. थांबली.

"जया," ती म्हणाली. "माझाच नंबर लावायचाय."