मास्तर दारात बसला

मी घरोघरी जाऊन केस कापते. दुकानापर्यंत ज्यांना जाववत नाही अशी म्हातारी, आजारी माणसं माझी गिऱ्हाइकं. माझी अट एकच, तीही मी फोनवरच सांगते: कुत्रा असेल तर बांधून ठेवा. लोक हो हो म्हणतात आणि दार उघडल्यावर म्हणतात, काही करत नाही हो तो. जसं काही कुत्र्यानं मला लिहून दिलंय.

त्या घरातल्या लेकीनंही तेच केलं. तिच्यामागून एक काळापांढरा झुबकेदार कुत्रा आला. भुंकला नाही. मान खाली घालून माझ्याभोवती फेरी मारली आणि नाकानं माझ्या पोटऱ्या आत ढकलायला लागला.

"मेंढ्यांवरचा आहे, ताई," लेक म्हणाली. "बाबांनी जन्मभर मेंढ्या पाळल्या. ते इकडे फ्लॅटमध्ये राहायला आले, तसा हाही आला. चावत नाही, आल्यागेल्याला गोळा करतो फक्त. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. वर्गातून कुणी उठून गेलेलं त्याला खपत नाही."

"मला कशाला घालतोय वर्गात? बांधा बघू त्याला."

"बांधला की बिल्डिंग डोक्यावर घेतो."

काका आतल्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. तेवढ्यात लेक चपला घालत म्हणाली, "खालून औषध घेऊन आलेच. सकाळी इन्सुलिन घेतलंय आणि खाल्लं मात्र चिमणीएवढं. घाम आला, बोलणं अडखळलं, तर चमचाभर मध द्या. स्वयंपाकघरात ओट्यावरच आहे."

ती गेली आणि मास्तर खोलीच्या दारात आडवा पसरला. डोळे माझ्यावर. पापणी म्हणून हलेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा समोरच बसला होता. मी कात्री चालवत राहिले आणि काका मेंढ्यांच्या गोष्टी सांगत राहिले.

अर्धं डोकं झालं असेल, काकांची गोष्ट मध्येच घसरली. एकच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. मी पुढे येऊन पाहिलं तर कपाळावर घाम डवरलेला, नजर भलतीकडेच.

"काका, ऐकू येतंय ना?"

ते नुसतं हं म्हणाले.

मी दाराकडे धावले. मास्तर उठला. मान खाली, अंग जमिनीसरसं, नजर माझ्या पायांवर. मी बाजूनं निसटायला गेले तशी त्यानं टाचेवर दात लावले. रक्त नाही आलं, पण मी किंचाळून मागे आले. मी खुर्चीपाशी पोचले आणि तो शांतपणे खाली बसला. जणू काही झालंच नव्हतं.

फोन माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स बाहेर खुंटीला. मी भिंतीवर बुक्क्या मारल्या, शेजाऱ्यांना हाका मारल्या. मास्तरच्या भुंकण्यात माझा आवाज बुडून गेला. काकांची मान छातीवर आली होती. हा माणूस माझ्या हाताखाली जाणार, आणि मी चार पावलांवरचा मध आणू शकत नाही.

"मेल्या, तुझाच मालक आहे तो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मग मला काय सुचलं, तर खुर्ची पुढे ढकलायची आणि आपण तिच्यामागे लपायचं. अक्कल नव्हती ती, नुसती भीती होती. ब्रेक काढायला खाली वाकले तर त्याचं तोंड माझ्या तोंडाशी. गरम श्वास गालावर आला. डोळे मिटूनच मी ब्रेक ओढला आणि खुर्ची सरळ त्याच्या अंगावर घातली.

तो बाजूला झाला.

एवढंच नाही, आमच्या मागे आला. मागून माझ्या पोटऱ्यांना नाक लावून, चला, चला, असं ढकलत राहिला. त्याला आम्ही कुठं जातोय याचं काहीच नव्हतं. आम्हा दोघांत फाटाफूट नको होती. मी काकांना सोडून जात होते, तेवढंच त्याला दिसलं होतं.

ओट्यापाशी मी बाटली उघडली, बोटावर मध घेतला आणि काकांच्या गालाच्या आतून लावला. "गिळा, काका. गिळा हो." थोडा ओघळला. थोडा गिळला. मी लावतच राहिले. त्यांची हनुवटी चिकट झाली, माझी बाही चिकट झाली, मास्तर खाली पडलेला चाटत बसला.

किती वेळ गेला देव जाणे. काकांनी डोळे उघडले आणि मला पाहून दचकले. परकी बाई, तोंडात बोट घालतेय. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कोण तुम्ही?"

"केस कापायला आलेय, काका. अर्धेच झालेत."

त्यांनी दुसरा हात डोक्यावरून फिरवला. एका बाजूनं बारीक, दुसऱ्या बाजूनं जंगल. "मग जाऊ नका अजून," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. गेले नाही मी. भीती गेली म्हणून नव्हे, खोटं कशाला सांगू. मास्तर माझ्या दोन्ही पायांवर अंग टाकून झोपला होता, आणि मी लेक येईपर्यंत बोटंसुद्धा हलवली नाहीत.