गुडघ्याखालची उशी

“गुडघ्याखाली उशी अजिबात द्यायची नाही,” विद्यालक्ष्मीताईंनी दवाखान्यातून निघतानाच बजावलं होतं. त्या रुग्णांकडून गुडघ्याचे व्यायाम करून घेतात.

मित्रांनो, ती उशी म्हणजे मी.

मी आता जुनी झाले. सावरीच्या कापसाची आहे. चेन्नईतल्या वेलचेरीच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला भरलं, शिवलं. अदितीने मला आणलं तेव्हा तिची मुलगी तान्ही होती. “ही नसती तर माझी पाठ मोडली असती,” असं ती सगळ्यांना सांगे. मग मुलगी मोठी झाली, मी चपटी झाले आणि कपाटावर जाऊन पडले.

यंदा अदितीच्या नवऱ्याची, शार्दूलची, दुचाकी घसरली. नडगीचं हाड वर गुडघ्याच्या सांध्यापाशीच फुटलं, पार तुकडे झाले. डॉक्टरांनी ते जुळवून दोन पट्ट्या आणि अकरा स्क्रू बसवले.

घरी आल्यावर तो कळवळायला लागला. अदितीने मला काढून हलकेच गुडघ्याखाली सरकवलं.

“हं, आता बरं वाटतंय.”

“ताईंना काय जातंय सांगायला!” अदिती म्हणाली. मीही फुगले. इतक्या दिवसांनी कुणाला तरी हवी होते!

तीन आठवड्यांनी विद्यालक्ष्मीताई घरी आल्या. मला बाजूला केलं, तरी गुडघा वाकलेलाच. त्यांची अख्खी मूठ त्याखाली गेली.

“अय्यो अदिती, लाडाने नवऱ्याला लंगडा करतेस काय? असाच आखडला तर पुन्हा ऑपरेशन!”

अदितीचा चेहरा उतरला. पण ती रडत बसली नाही. त्यांनी दाखवलं तसं तिने मला दुमडून टाचेखाली ठेवलं. गुडघा अधांतरी, म्हणजे आपल्याच भाराने तो सरळ व्हावा. दिवसातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं.

“बायको आहेस की जेलर?” शार्दूल ओरडायचा.

“जेलर. अजून चार मिनिटं.”

मुलगी गुडघ्याखाली बोटं घालून मोजायची. “बाबा, तीन!” मग दोन. मग बरेच दिवस दोनच. अदिती घड्याळ लावतच राहिली. पाय टेकवायची परवानगी मिळाली, त्या आठवड्यात एक बोटही जाईना. शार्दूल वॉकर धरून उभा राहिला. दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या.

मित्रांनो, माया करताना माझ्यासारखी चूक होते. म्हणून अदिती हल्ली भेटेल त्याला सांगते, तेच मीही सांगते: तुमच्या ओळखीचं कुणी असं ऑपरेशन होऊन घरी आलंय का? फोनवर “बरा आहे” ऐकून थांबू नका. आज जा. पांघरूण बाजूला करा आणि बघा, पाय सरळ होतोय ना?