डाव्या हाताची सही

स्वरूपाने टेम्पोचा फाळका खाली सोडला, नमुन्याचा बाक एकटीनेच ओढून काढला आणि शाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवला. एका पायाची रबरी टोपी वाटेत कुठेतरी पडली होती. तिने पिशवीतून दुसरी काढून बसवली, बाक हलवून पाहिला आणि हात ओढणीला पुसत कार्यालयाच्या दारात उभी राहिली.

"या ना," मुख्याध्यापिका गावडे बाई म्हणाल्या. "बारामतीहून एवढा बाक वाहून आणलात? फोटो चालला असता की."

"बसून बघितल्याशिवाय बाक घेऊ नये. तात्यांची तशी पद्धत आहे."

तात्यांना जाऊन तीन महिने झाले होते, तरी तिच्या तोंडून 'होती' निघत नव्हते. बाईंना त्यात काही वावगे वाटले नाही. त्या गेल्याच महिन्यात दुसऱ्या तालुक्यातून बदलून पळसदेवला आल्या होत्या. तात्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

शाळेला चाळीस बाक घ्यायचे होते. नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशन मागवायची, ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचे. आज चार वाजता शाळा व्यवस्थापन समिती बसणार होती. स्वरूपाने आपले पाकीट टेबलावर ठेवले. बाईंनी ते उघडले नाही. समोरची फाईल चाळून त्या थोड्या गोंधळल्या.

"पण तुमचं तर आलंय. भिगवणचं एक, इंदापूरच्या कुंडलिकरावांचं एक आणि हे तुमच्या वडिलांचं. कुंडलिकरावच तिन्ही देऊन गेले. एका दुकानाची दोन कशी घेऊ मी?"

त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. वर छापलेले होते, 'कौसल्या स्टील फर्निचर, बारामती'. आईचे नाव. तारीख सोमवारची होती. बाकाचा दर पाच हजार तीनशे. कुंडलिककाकांचा दर शेजारच्या कागदावर दिसत होता, चार हजार सहाशे.

यात तिला न कळण्यासारखे काही नव्हते. या धंद्यात तिन्ही कोटेशन एकच जण आणून देतो. वीस वर्षे तात्या, कुंडलिककाका आणि भिगवणचे एक दुकानदार एकमेकांचे सही केलेले कोरे लेटरहेड जवळ बाळगून होते. ज्याची पाळी, त्याचा दर कमी. बाकीच्या दोघांचा चढा. तात्या गेल्यावर कपाट आवरताना रबरबँड लावलेले त्या दोघांच्या लेटरहेडांचे दोन गठ्ठे तिलाही सापडले होते. तिने ते वापरले नाहीत. आपले एकच खरे कोटेशन द्यावे, उरलेली दोन शाळा मागवील, असे तिला वाटले होते. असे वाटणारी या दोन तालुक्यांत बहुधा ती एकटीच असेल.

मग तिची नजर सहीवर गेली, आणि तिने कागद उचलून उजेडाकडे धरला.

ही काकांकडच्या जुन्या गठ्ठ्यातली सही नव्हती. तात्यांची सही म्हणजे एका झटक्यात ओढलेली, शेवटी फाटा मारलेली. ही अक्षरे सुटी सुटी होती, डावीकडे कललेली, पहिलीतल्या मुलाने गिरवल्यासारखी. जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तात्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. त्यानंतर ते पाटीवर डाव्या हाताने 'पाणी' लिहायचे, 'पंखा' लिहायचे. हाच 'प'. सहीतल्या 'महिपती'मधला.

"सही वडिलांचीच आहे ना?" बाईंनी विचारले.

"हो."

"दुकान त्यांच्याच नावावर?"

"हो. अजून."

"मग मला त्यांच्याच सहीचं लागणार. दर बदलायचा असेल तर चारच्या आत त्यांच्या सहीनं दुसरं आणा, मी हे परत देते. एकदा समिती बसली की माझ्या हातात काही नाही."

मृत्यूचा दाखला पिशवीतच होता. बँक, वीजमंडळ, सगळीकडे तो लागायचा. एक वाक्य बोलले असते तर ही फाईल इथेच बंद झाली असती. पण मग कुंडलिककाका अडकले असते, आणि पाठोपाठ वीस वर्षांचे तात्याही. दुसरीकडे वर्कशॉपमधले दोन्ही वेल्डर रोज सकाळी येऊन हात बांधून बसत होते. पुण्याच्या कॉलेजातली कंत्राटी नोकरी ती सोडून आली होती. जून संपला की शाळांची खरेदी संपते. हे काम गेले तर वर्कशॉपला कुलूपच लावावे लागणार होते.

"आणते," ती म्हणाली.

उजनी धरणाचे पाणी खूप मागे हटले होते. जुन्या देवळाचे शिखर चिखलात उघडे उभे होते आणि त्याच्या अंगावर पाण्याच्या पातळीच्या रेघा होत्या. स्वरूपाने टेम्पो महामार्गाला घातला. इंदापूरपर्यंत तिने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

कुंडलिककाका दुकानात एकटेच होते, लोखंडी कपाटांच्या रांगेमागे, टेबलाशी.

"ये गं, बाळ. चा सांगू?"

"तात्यांच्या सहीचे कागद कुठं आहेत?"

"कुठलं कागद?"

"डाव्या हाताचे."

काकांनी पेनाला टोपण लावले. ते नीट बसलेय की नाही हे दोनदा पाहिले.

"बाईनं दाखिवलं व्हय?"

"पाच हजार तीनशे! तात्यांनी जन्मात कधी एवढा दर लावला नव्हता, काका."

काकांना नको असताना हसू आले. "ते खरं हाय. लई खाली लावायचा. आमाला बुडिवलं त्येनं." हसू लगेच ओसरले. ते उठले, कपाटातून प्लॅस्टिकची फाईल काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. "दवाखान्यात केल्यात सह्या. तू औषधं आणाय खाली गेलीस की मी पॅड धरायचो. रोज चार-पाच. दमायचा. पर थांब म्हणलं तरी थांबायचा न्हाय."

"कशासाठी?"

"पाटीवर लिवलं हुतं. 'पोरीला ह्यात नको.' तुझ्या दुकानाचा कागद कायम फायलीत ऱ्हावा, पर काम तुला लागू नये. चार-सहा डाव हरलीस की आपसूक पुण्याला जाशील."

स्वरूपाने फाईल उघडली नाही. ती टेबलाच्या कडेवरचा उडालेला रंग नखाने खरवडत राहिली.

"दुकान माझ्या नावावर करायचा अर्ज मी दोनदा त्यांच्यापुढं धरला होता," ती म्हणाली. "त्यांनी हात पालथा करून चादरीवर ठेवला. मला वाटलं, हात चालत नाही. मी चादर नीट केली आणि अर्ज ठेवून दिला."

"हात चालत हुता."

"आता दिसतंय ते."

"तुला ठावं न्हाय गं," काका हळू आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षं साहेबांच्या दारात उभा ऱ्हायला त्यो. सायब जेवत्यात, सायब मीटिंगला हायती. एका सायबाच्या पोरीच्या लग्नात मांडवातल्या खुर्च्या उचलल्या त्येनं. मी हुतो ना बरुबर. येताना म्हणला, कुंडलिक, ह्ये घरी बोलायचं न्हाय."

"नाही बोलले कधी."

"मग? पोरगी शिकल्याली. तिनं ते कशापायी करावं?"

"मला विचारायचं होतं."

"तोंड कुठं चालत हुतं त्येचं?"

"पाटी होती ना."

बाहेर उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला आणि कपाटांचे पत्रे थोडा वेळ थरथरत राहिले.

स्वरूपाने फाईल उघडली. वरच्या कागदांवर सही ओळीवर होती. पुढे ती उतरत गेली होती. काही कागदांवर पेन टेकून शाई पसरली होती. एकावर नुसतेच 'महि' होते, पुढची जागा मोकळी. ती प्रत्येक कागद पाहून उलटा ठेवत होती. ती खाली मेडिकलच्या रांगेत उभी असताना वर हे चालले होते. ती परत आली की तात्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि ती पाऊल न वाजवता खुर्चीत बसायची.

तिने एक कागद बाजूला काढला. पूर्ण सहीचा. टेबलावरचे काकांचे पेन घेतले, टोपण काढले.

"काय करतीस?"

"दर लिहिते."

तिने तारीख घातली. शाळेचे नाव लिहिले. बाकाचे माप लिहिले. मग सावकाश, आकड्यात आणि अक्षरात, चार हजार पाचशे पन्नास.

"मी त्येला शब्द दिलाय, स्वरूपा. मरणाऱ्या माणसाला."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला."

काका कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. त्यांच्या दरापेक्षा तो पन्नास रुपयांनी कमी होता. हात लांब करून त्यांनी तो कागद ओढून घेतला असता तर तिने अडवले नसते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वातीन झाले होते.

त्यांनी खालचा खण उघडला आणि शाईचा पॅड आणि 'कौसल्या'चा लाकडी मुठीचा शिक्का तिच्यापुढे सरकवला.

"बिनशिक्क्याचं बाई घ्यायची न्हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "सहीवर जरा चढू दे. रीत हाय तशी."

स्वरूपाने शिक्का शाईत दाबला. सहीपासून दोन बोटे लांब, कोपऱ्यात, तिने तो उमटवला, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसून राहिली.