झडीत पेटलेली चूल

मित्रांनो, मी पुंडलिकरावांच्या मागच्या खोलीतली जुनी मातीची चूल आहे. फार दमलेय हो. सांगता सांगता थांबले तर सांभाळून घ्या.

गाव आमचं अल्लीपूर. पुंडलिकरावांचा कैलास रांगत होता तेव्हा त्याच्या आईने, चतुराबाईंनी, मला घडवलं. चिकणमाती, शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, मळून आठ दिवस सावलीत वाळवलं. पुढे वीस वर्षं माझ्यावर भाकरी झाल्या, वांगी भाजली. दर सणाला चतुराबाई माझ्यावर पातळ मातीचा हात फिरवायच्या. तेव्हा काय तोरा होता माझा!

मग गॅस आला. मातीचा हात थांबला आणि पाठीला आडवा तडा गेला. माझ्यावर फवारणीचा पंप ठेवू लागले. पुंडलिकराव येता-जाता म्हणायचे, "हे चूल फोडून टाक वो. उगाच जागा अडवून राह्यली." पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, तीसुद्धा यंदा त्यांनी ट्रॅक्टरने शेतातच बारीक करून टाकली. जाळायला आता लागते कोणाला?

या श्रावणात तीन दिवसांची झड लागली. वीज गेली, सिलिंडर संपला, नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं. दुपारी पुंडलिकराव नाल्यावरची मोटर काढायला गेले ते पार भिजून गारठले; कैलासने त्यांना धरूनच घरी आणलं. ओठ निळे, दातावर दात वाजत होते. दवाखान्यात न्यायला रस्ताच नव्हता.

चतुराबाईंनी पंप बाजूला फेकला. माळ्यावर तुरीच्या काड्यांची एकच पेंढी कोरडी सापडली. घाईघाईत त्यांनी माझ्या तड्यावर ओली माती थापली आणि लगेच जाळ केला. अहो बाई, ओल्या मातीला जाळ! एवढ्या वर्षांचा हात, पण जीव टांगणीला लागला की असंच होतं. माती फुगली, सुटून पडली आणि तडा वाढायला लागला.

"हात पुढे करा ना जी," चतुराबाई रडत म्हणाल्या.

"मले हातच नाई समजून राह्यले," ते पुटपुटले.

मी घाबरले. माझी पाठ आता बसली तर जाळ दडपला जाणार, आणि हा माणूस गारठून जाणार. मग काय, धरला दम. टिनावर पाऊस बडवत होता आणि ती तिघं मला चिकटून बसली होती. कैलास बापाचे तळवे चोळत होता. हळूहळू खोली उबदार झाली. गुळाचा चहा झाला. पुंडलिकराव म्हणाले, "आनखी घोटभर दे." ते ऐकलं आणि मी अंग सोडलं. पाठ धाडकन खाली आली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. कैलास घमेलं घेऊन आला.

"तिले काऊन उचलतं?" पुंडलिकराव ओरडले. "ठेव तिथंच. मी घडवतो."

खरं सांगू? मला आता उभं राहायचं नव्हतं. खूप झालं. मित्रांनो, तुमच्याकडे अशी कोणी म्हातारी वस्तू असेल तर वर्षातून एकदा तिच्यावर हात फिरवा. नसेल जमत तर खुशाल मोडून टाका. पण तडा गेलेली तशीच ठेवून ऐन झडीत तिच्याकडे धावत येऊ नका.

हे सगळं मी त्यांनाही सुनावणारच होते. तेवढ्यात पुंडलिकरावांनी माझ्या मातीत पाणी ओतलं आणि तुडवायला पाय घातले. पाय चांगले गरम होते. मग मीही स्वतःला मळू दिलं.