बावन्नावी ओळ

मी एक जुना फलक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी थोडा गर्विष्ठ आहे. भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या गल्लीत एक बुद्धविहार आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. जिना चढून आत आलात की समोरच्या भिंतीवर मीच दिसतो. काळा रंग, पांढरी अक्षरे, दोन रकाने आणि माथ्यावर 'भारताचे सरन्यायाधीश' अशी ओळ. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोण कोण झाले, ते पहिल्यापासून आजपर्यंत माझ्या अंगावर लिहिले आहे. असे अंग मिळाल्यावर छाती थोडी फुगणारच.

जन्माने मात्र मी कुणी बडा नाही. मोरवा गावच्या रामनाथची होडी मोडीत निघाली, तिच्या फळ्यांतून मी झालो. ते १९९१ साल होते, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे. अभ्यासिका नवी होती आणि वैजयंताबाईंना तिच्या भिंतीवर मुलांना रोज दिसेल असे काहीतरी हवे होते. बाई नगरपरिषदेच्या शाळेत शिकवत. रामनाथची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. त्याने फळ्या खांद्यावरून आणून टाकल्या आणि म्हणाला, "सागाचं लाकूड हाय, बाय. खाऱ्या पान्यात कुजलं न्हाय, तुमच्या भिंतीवर काय कुजंल?"

मला रूप दिले ते श्रीपती पेंटरने. परभणीकडून आलेला हा तरुण तेव्हा केबिन रोडच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवत असे. त्याने मला घासले, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि दोन रकाने आखले. एकेका रकान्यात सत्तावीस ओळी. पहिले नाव लिहायला ब्रश उचलला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "श्रीपतीभाऊ, एक आत्ताच ठरवून टाकू. सगळी नावं एकाच मापाची."

"आणि बाई, एखादा लई मोठा माणूस निघाला तर?"

"तर तो त्याच्या निकालांत मोठा दिसेल. फळ्यावर नाही."

श्रीपतीने मान डोलावली आणि दीड इंचाचे माप काडीवर खूण करून ठेवले. त्याच वेळी आणखी एक रीत पडली. नवी ओळ आखायची म्हणजे सुतळीला खडू चोळायचा, ती ताणायची आणि टिचकी मारून माझ्यावर रेघ उठवायची. सुतळीचे एक टोक श्रीपती धरी. दुसरे टोक धरायचा मान अभ्यासिकेतून नुकत्याच एखाद्या परीक्षेत पास झालेल्या मुलाला किंवा मुलीला. आज कुणी तलाठी आहे, कुणी नर्स आहे, कुणी मंत्रालयात आहे. भेटले की "मी एकतिसाव्या नावाची दोरी धरली होती" असे सांगतात. असे मिरवणारे लोक मला फार आवडतात, कारण मीही त्यांतलाच.

चौदा एप्रिलला माझे अनावरण झाले तेव्हा माझ्यावर एकवीस नावे होती. बाई मुलांना माझ्यासमोर बसवून गोष्ट सांगत. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि दोनच दिवसांनी, २८ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाचे काम सुरू झाले. पहिले सरन्यायाधीश हरिलाल कानिया. त्यांच्यासह सगळे मिळून न्यायाधीश आठ. स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. संसद भवनातल्या एका दालनात न्यायदान चाले, ते १९५८ पर्यंत. हे ऐकले की मुले आपल्या गळक्या छपराकडे बघत आणि जरा सावरून बसत. एवढे मोठे न्यायालय आठ वर्षे दुसऱ्याच्या घरात राहिले, मग आपल्या अभ्यासिकेने का लाजावे?

माझ्या बाविसाव्या नावाची तर गंमतच झाली. त्या सरन्यायाधीशांचा कार्यकाळ होता सतरा दिवसांचा. श्रीपती एका लग्नघराच्या कमानीच्या कामात अडकला होता. तो ब्रश धुऊन येतो तोवर तेविसाव्यांची शपथ झालेली. "ह्यांनी तर रंग बी वाळू दिला न्हाई," असे म्हणत त्याने दोन्ही नावे एकाच दुपारी लिहिली. सोळावे सरन्यायाधीश सात वर्षांहून जास्त काळ त्या खुर्चीत होते. पण या बसा माझ्यासमोर आणि मोजून घ्या. सात वर्षे आणि सतरा दिवस, दोन्ही अक्षरे दीड इंचाचीच.

सगळ्याच गोष्टी गमतीच्या नव्हत्या. सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाने पुढे सरन्यायाधीश व्हायचे, अशी पद्धत आहे. १९७३ साली आणि पुन्हा १९७७ साली ती मोडली आणि ज्येष्ठांना डावलले गेले. एका मुलाने विचारले, "बाई, मग त्या नावांपुढे फुली मारू या का?" बाई म्हणाल्या, "फळ्यावर नाव लिहायचं, निकाल नाही लिहायचा." मग त्यांनी मुलांना माझ्यावर नसलेले एक नाव पाठ करायला लावले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आणीबाणीत माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने ते पाच जणांत एकटे उभे राहिले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना मिळाले नाही. माझ्यावर जागा न मिळालेल्या माणसाचाही मला अभिमान वाटतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

२००७ साली सदतिसावे नाव आले. केरळातल्या खेड्यातून पुढे आलेले के. जी. बालकृष्णन, दलित समाजातून त्या खुर्चीवर बसलेले पहिले. खाली विहारात पेढे वाटले गेले. श्रीपतीचे डोळे भरून आले होते, पण त्याने काडी लावली, माप घेतले आणि दीड इंचात नाव बसवले.

मग फ्लेक्सचे दिवस आले. केबिन रोडच्या पाट्या एकेक करून उतरल्या. श्रीपतीच्या हाताची अक्षरे भंगारात गेली. तो एका सोसायटीत वॉचमन झाला आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात पडून राहिले. वर्ष-दीड वर्षाने एखादा सरन्यायाधीश बदलला की तेवढे ते बाहेर निघत. भाईंदरमध्ये त्याच्या हातचे शिल्लक राहिले ते मी एकटा. तो जिना चढून येई, माझ्यावरची धूळ बाहीने पुशी आणि म्हणे, "तू हायेस म्हणून मी पेंटर हाय." मी लाकूड असलो तरी मला ते समजत होते.

आता मे २०२५ चे सांगतो. बुद्धपौर्णिमेची रोषणाई अजून उतरली नव्हती आणि चौदा तारखेला बावन्नाव्या सरन्यायाधीशांनी शपथ घेतली. भूषण गवई. अमरावतीचे, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले, आणि त्या पदावरचे पहिले बौद्ध. अहो, गल्लीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मराठवाड्यातली माणसे, कोकणातली माणसे, सगळी एकमेकांना मिठ्या मारत होती. वैजयंताबाई तेवढ्या लातूरला लेकीकडे गेल्या होत्या.

विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष संघर्ष सोनेरी रंगाचा डबा घेऊनच वर आला. "श्रीपतीकाका, आज माप-बिप काय नाय. मोठ्ठं लिहा. खालून रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

श्रीपतीने काडी हातात घेतली. तिच्याकडे बघितले. मग ती खिशात ठेवली.

माझ्या दुसऱ्या रकान्यात तळाशी तीन ओळी उरल्या होत्या. त्या तिन्ही ओळी व्यापून त्याने ते एक नाव लिहिले. हात थरथरायला लागला होता त्याचा अलीकडे, पण त्या दिवशी एकही वळण चुकले नाही. सोन्यासारखी अक्षरे, त्यांना लाल कड. आयुष्यभरात त्याने इतके देखणे काही लिहिले नव्हते. लोकांनी मला हार घातला, माझ्यापुढे उभे राहून फोटो काढले. खरे सांगू? मला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

बाई परत आल्या. जिना चढून माझ्यासमोर आल्या. "हात सुंदर चाललाय, श्रीपतीभाऊ," एवढेच म्हणाल्या आणि चष्मा पुसत खाली गेल्या.

सहा महिने भुर्रकन गेले. नोव्हेंबर आला. चोवीस तारखेला त्रेपन्नावे सरन्यायाधीश शपथ घेणार होते आणि सव्वीसला अभ्यासिकेत संविधान दिनाचा कार्यक्रम होता. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आले की माझ्यावर ओळच उरलेली नाही.

बैठक माझ्यासमोरच भरली. संघर्ष म्हणाला, "सोप्पं आहे. बोर्ड इथेच थांबवू. काचेच्या पेटीत घालून खाली विहारात लावू, वर लाइट. पुढच्या नावांसाठी फ्लेक्स करतोय मी, ऑर्डर पण दिलीये."

काचेची पेटी! वर दिवा! मित्रांनो, लपवत नाही, माझी तयारी होती. श्रीपतीचीही होती. त्याचे सर्वांत सुंदर काम कायमचे राहणार होते.

अभ्यासिकेतली मानसी वकिलीची पदवी घेऊन न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करते. ती म्हणाली, "दादा, पण मग नाव शेवटचं होईल ना. यादी पुढे चाललीये आणि आपणच आपल्या भिंतीवर ती तोडतोय."

"अगं, तोडत नाय, मान देतोय," संघर्ष म्हणाला. "एवढी वर्षं वाट बघितली आपल्या लोकांनी. थोडं वेगळं लिहिलं तर काय बिघडलं?"

मग बाई बोलल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "संघर्ष, माझ्या आजीला पाणी वेगळं द्यायचे. आईला चहाचा कप वेगळा होता, बाहेर खुंटीला टांगलेला. गावात वस्ती वेगळी, स्मशान वेगळं. सगळ्यांनी आपल्याला वेगळंच काढलं रे आजवर. आता जिथं त्या सगळ्यांच्या रांगेत नाव बसलं, तिथंही आपणच वेगळं काढायचं?"

संघर्ष खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत राहिला. श्रीपती उठला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मानसी सोसायटीच्या गेटवर जाऊन आली. "काका म्हणतात, 'माझा हात आता चालत न्हाई. खोडलं आणि परत जमलंच न्हाई, तर?'" तिने बाईंना सांगितले. ती धास्ती मला कळत होती. सोने खरवडायचे, आणि त्या जागी त्याच्या थरथरत्या हाताने वाकडेतिकडे काही उमटायचे. मग माझ्यावरचे त्याचे शेवटचे अक्षर कसले राहणार होते?

चोवीसला दिल्लीत शपथ झाली. सूर्य कांत, त्रेपन्नावे. पंचवीसला सकाळी जिन्यावर पावले वाजली. श्रीपती आला होता, हातात काचपेपर आणि पत्र्याची पट्टी. मागोमाग फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून संघर्षही आला. श्रीपतीने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ठेव ती कोपऱ्यात. आधी मला बघू दे."

आणि त्याने स्वतःच्या हाताने ते सोने खरवडायला सुरुवात केली. मला दुखले. खोटे का बोलू, खूप दुखले. पहिल्या अक्षराची लाल कड गेली, मग सोनेरी पोट गेले, पिवळी भुकटी त्याच्या पांढऱ्या दाढीवर बसत गेली. मध्येच तो थांबला, कपाळ माझ्यावर टेकून उभा राहिला. संघर्षने गुंडाळी खाली ठेवली, दुसरा काचपेपर घेतला आणि खालच्या बाजूने घासू लागला.

काळ्या रंगाचा हात दिला, रंग वाळला. मानसीने सुतळीचे टोक धरले. तिची परीक्षा अजून व्हायची होती, पण बाई म्हणाल्या, "धर तू. या वेळी उधारीवर." टिचकी वाजली. श्रीपतीने हात टेकायला मनगटाखाली काठी धरली, संघर्षने त्याचा कोपर पेलला, आणि बावन्नावे नाव उतरले. दीड इंच. पांढरे. एकावन्नाव्याच्या खाली, बाकी सगळ्यांसारखे. एका वेलांटीला बारीकशी थरथर आली, ती त्याने तशीच राहू दिली. त्याच्याखाली त्रेपन्नावे नाव. आणि त्याखाली एक ओळ रिकामी.

सव्वीसला कार्यक्रमाला केबिन रोडवरचे एक कापड दुकानदार आपल्या मुलीला घेऊन आले. तिचे नाव अभ्यासिकेत घालायचे होते. त्यांनी मे महिन्यात खालून ती सोनेरी अक्षरे बघितली होती. माझ्यासमोर ते जरा गोंधळून उभे राहिले आणि श्रीपतीला म्हणाले, "चाचा, इसमें आपके वाले कौन से हैं? पहले तो दूर से दिखते थे."

श्रीपतीने चष्मा नाकावर सरकवला. आयुष्यभर पाट्या रंगवलेला तो माणूस असा ताठ उभा मी कधी पाहिला नव्हता. "ढूंढना पड़ेगा, सेठ," तो म्हणाला. "अभी सबके साथ में लिखे हैं."

त्या मुलीने बोट लावून वरपासून खालपर्यंत एकेक नाव वाचायला सुरुवात केली. वरची एकावन्न वाचली, तेव्हा कुठे तिला ते बावन्नावे सापडले.

मित्रांनो, मला काचेत ठेवू नका. हारही नकोत, त्यांच्या पाण्याने रंग उडतो. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसलेत तरी पुरे. माझी उरलेली एक ओळ भरली की मी संपेन, तेव्हा शेजारी दुसरा फलक लावा आणि काडीवरचे माप तेच ठेवा. कुणाचे नाव आपले वाटले, तर त्याला मोठे करू नका. त्या रांगेत पोहोचायला लागतो तेवढा अभ्यास करा.